बदकामागची जाळी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात दिसणारे ओंडके लाकडाचे नाहीत. ते मातीचे आहेत, साच्यात घालून भाजलेले, आणि वरून साल रंगवलेले. मी एक जुनी शेकोटी आहे, पण गॅसवर चालणारी. बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी असते. पुढे जाड काच, खाली दोन बटणं. बटण दाबून फिरवलं की आधी कोपऱ्यात बोटाएवढी ज्योत लागते आणि तिच्यावरून मग सगळा जाळ. राख नाही, धूर नाही, सरपण फोडायला नको. तरीही एका हिवाळ्यात सगळं घर माझ्यावर चिडलं होतं, आणि त्या रागाच्या भरात माझ्या हातून असं काही घडणार होतं की मी आज तुमच्याशी बोलत बसले नसते. तेच सांगायचं आहे. पण आपला जन्म वगळून कोणी आपली गोष्ट सांगत नाही, म्हणून थोडं मागून सुरू करते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कोणी पत्रा वाकवला, कोणी नळी बसवली, कोणी माझ्या मातीच्या ओंडक्यांना सालीचा रंग दिला. शेवटी मला एका बाईंसमोर नेऊन ठेवलं. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत असे आणि काम एकच असे, परीक्षा घेणं. त्या आम्हाला काचेच्या बंद कपाटात ठेवत, पेटवत आणि कपाटातली चांगली हवा हळूहळू कमी करत. माझ्या छोट्या ज्योतीसमोर धातूची एक काडी आहे. ज्योत तिला गरम ठेवते. काडी गरम आहे तोवर गॅसची झडप उघडी. हवा बिघडली की ज्योत जागा सोडून वर फडफडते, काडी गार पडते आणि झडप आपोआप मिटते. मी विझले, आणि बाईंनी माझ्या कागदावर बरोबरची खूण केली. माझ्या शेजारची मात्र जळतच राहिली. तिच्यावर लाल खडूची फुली पडली आणि तिला बाजूला काढलं. अशी शाळा तुम्ही पाहिली नसेल, मित्रांनो. जळत राहील ती नापास.

तिथून मी दुकानात आले. दुकानात माझ्या शेजारी माझी एक चुलत बहीण होती, अंगणात ठेवायची गोल शेकोटी, परातीसारखी उघडी आणि भोवती दगडगोटे. दिसायला माझ्यापेक्षा देखणी. एक गिऱ्हाईक तिच्यावर फार भाळलं. दिवाणखान्यात मधोमध ठेवीन म्हणालं. दुकानदाराने सरळ नकार दिला. तो म्हणाला, साहेब, हिला डोक्यावर आभाळ लागतं, छप्पर चालत नाही. गिऱ्हाईक रागावून निघून गेलं. दुकानदार शांतपणे आमच्यावरची धूळ पुसत राहिला. विकण्यापेक्षा न विकणं कधी कधी जास्त कष्टाचं असतं, हे मी तेव्हा पाहिलं.

मला घेऊन गेल्या एक आजी. त्यांच्या घरी लाकडाची जुनी शेकोटी होती, आणि तिच्या धुराने त्यांना बारा महिने खोकला. आजोबांना मात्र मी डोळ्यांसमोर नको होते. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः लाकडं फोडली होती. कुऱ्हाडीला धार लावणं, ओंडके उन्हात रचणं, सकाळी राख उपसणं, हा त्यांचा मान होता. मला भिंतीशी बसवताना ते खिडकीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभे होते. बटण दाबून लागतो तो जाळ नव्हे, तो दिवा, एवढंच ते म्हणाले, तेही खिडकीला.

मला बसवायला आलेला फिटर मात्र आपलं काम मन लावून करत होता. त्याने भिंतीला दोन भोकं पाडली. एक माझ्या मागे, गॅसच्या नळीसाठी. दुसरं समोरच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाहेरची हवा आत येण्यासाठी. त्यावर त्याने वहीच्या पानाएवढी लोखंडी जाळी बसवली. मला धुराडं नाही, मी खोलीतलीच हवा घेते, म्हणून ती जाळी म्हणजे माझं नाक. आजी स्वयंपाकघरात होत्या. खोलीत फक्त आजोबा. म्हणून फिटरने त्यांनाच सांगितलं, की ही जाळी कधीही झाकायची नाही, आणि वर्षातून एकदा शेकोटी साफ करायला मला बोलवा. आजोबांनी खिडकीकडेच बघत मान हलवली. ऐकू किती गेलं, देव जाणे.

आजींचा खोकला त्याच हिवाळ्यात थांबला. गालिच्यावर ठिणगी पडायची भीती गेली. बाहेर जायचं झालं तर कोणीतरी निखाऱ्यांपाशी थांबा, ही भानगड उरली नाही. बटण फिरवलं, झालं. आजोबा पहिला आठवडा माझ्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत. मग त्यांची खुर्ची रोज वीतभर वळत गेली. महिन्याभराने पाहते तर खुर्चीचं तोंड माझ्याकडे आणि आजोबांचे पाय माझ्यासमोर पसरलेले. आजींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि तोंड फिरवून हसल्या. अशी वर्षं सुखात गेली.

मग घरात सूनबाई आली. रसायनशास्त्राची पदवी, स्वभावाने हळवी, आणि नजर अशी की दुधावर साय धरायच्या आधी तिला कळावं. तिला मुलगी झाली तेव्हा तर त्या नजरेला रात्र-दिवस उरला नाही. माझ्या काचेपासून हात किती लांब धरला की चटका लागत नाही, हे तिने स्वतःचा तळहात धरून पाहिलं. माझ्यापुढे लोखंडी कठडा आणून लावला आणि तो भिंतीला पक्का केला. बाळाची दुपटी माझ्यासमोर वाळत घालायला सगळ्यांना बंदी. आणि तिची एक वही होती. बाळ दूध कधी प्यायलं, किती झोपलं, किती वेळा शिंकलं, सगळं त्यात लिहिलेलं. घरात त्या वहीची थट्टा चाले. आजींचे भाऊ, ज्यांना सगळं घर मामा म्हणतं, ते तर तिला हवालदारीणच म्हणत. म्हणत, आज किती शिंका पकडल्या, हवालदारीणबाई? ती हसत असे, आणि लिहीत असे.

मला ती आवडे. माझ्याकडे एवढं लक्ष देऊन आजवर कोणी पाहिलं नव्हतं. लोक शेकोटीसमोर बसतात, पण शेकोटीकडे बघत नाहीत.

पण मित्रांनो, काळजी करणाऱ्या माणसाचीही चूक होते, आणि ती चूकसुद्धा काळजीच्याच पोटी जन्मते. त्या वर्षी थंडी लवकर पडली. बाळाचा पाळणा बैठकीत आणला, कारण तीच खोली ऊबदार. जागा उरली होती ती समोरच्या भिंतीशी. एका सकाळी सूनबाईने बाळाच्या गालाला हात लावला तर गाल गार. तिने ओणवं होऊन वारा कुठून येतो ते शोधलं, आणि तिला ती जाळी सापडली. धुळीने काळवंडलेली, जुनी. पूर्वीच्या कसल्या तरी नळीचं राहून गेलेलं भोक असावं, असं तिला वाटलं. ती जाळी कशासाठी आहे हे त्या घरात तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? आजींना ठाऊक नव्हतं आणि फिटर आला त्या दिवशी आजोबा रुसलेले होते.

तिने मऊ फ्लॅनेलच्या कापडाची घडी केली, जाळीत दाबून बसवली, आणि भोक वाईट दिसू नये म्हणून वर जाड पुठ्ठा चिकटवला. पुठ्ठ्यावर पिवळं बदक काढलं. बाळ बदकाकडे बघून हसलं. तिच्या नवऱ्याने कौतुकाने त्याच दिवशी खिडक्यांच्या फटींनाही चिकटपट्ट्या लावल्या. सगळी खोली डब्यासारखी घट्ट झाली.

माझं नाक बंद झालं होतं, आणि नाकावर बदक बसलं होतं.

पहिले दोन दिवस दार उघडझाप होत होतं म्हणून भागलं. मग ढगाळ दिवस आले आणि दारही लोटलेलं राहू लागलं. माझा निळा जाळ पिवळा आणि लांबट होऊ लागला. काचेच्या वरच्या कोपऱ्यात काजळी धरली. आजोबांना बसल्या बसल्या जांभया येऊ लागल्या, डोकं जड झालं म्हणू लागले. आजींना वाटलं, वय. बाळ किरकिर करू लागलं. आजींना वाटलं, दात. आणि एका दुपारी माझी छोटी ज्योत जागेवरून उठली, वर फडफडली, काडी गार पडली आणि मी विझले. खोलीत आलेल्या सूनबाईच्या नवऱ्याने मला पुन्हा पेटवलं. तास-दीड तासाने मी पुन्हा विझले. संध्याकाळी पुन्हा.

माझ्याजवळ जीभ नाही. असती तर एका वाक्यात काम झालं असतं. मला येत होतं तेवढं मी केलं.

घरात माझं नाव रुसूबाई पडलं. नवरा म्हणे, आली रुसूबाईची वेळ. आजी बिचाऱ्या माझी बाजू घेत, वर्षानुवर्षं इमाने जळली आहे हो. आणि आजोबा? इतकी वर्षं माझ्यासमोर पाय पसरून बसले, तेच आता म्हणू लागले की लाकूड कधी असं मधेच उठून गेलं नाही. मला ते लागलं.

चौथ्या दिवशी मामांना बोलावलं. मामांना सगळं येत असे, म्हणजे निदान असं मामांचं मत होतं. त्यांच्या हातून दुरुस्त झालेला पंखा उलटा फिरत असे, पण फिरत असे. जेवण झाल्यावर, दुपारी, ते पेचकस आणि पक्कड घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसले. गॅसचा कॉक बंद केला, माझी खालची पट्टी काढली, आत वाकून पाहिलं आणि त्यांना ती काडी दिसली.

मामांनी निदान केलं. ही काडी नाजूक, हिचेच सगळे नखरे. हिला बाजूला करतो आणि झडपेला तार बांधून ती कायमची उघडी ठेवतो. मग बघा, सकाळपासून रात्रीपर्यंत जळेल, एकदाही हूं की चूं करणार नाही.

खरं होतं ते. मी हूं की चूं केलं नसतं. दार लावलेल्या, चिकटपट्ट्या लावलेल्या त्या खोलीत मी जळत राहिले असते आणि हवा नासत गेली असती. अशा वेळी जो विषारी वायू तयार होतो त्याला वास नसतो, रंग नसतो. समोर पाळणा होता. मित्रांनो, लाल फुलीची ती माझी शेजारीण मला त्या दुपारी नीट समजली. नवरा बॅटरी धरून उभा होता. आजोबा म्हणाले, बांधा एकदाची तार. मामांनी तारेचं वेटोळं दातात धरलं.

सूनबाई बाळाला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात वही. ती वाचत होती.

"मामा, पाच मिनिटं थांबता?"

मामांनी तोंडातली तार काढली. म्हणाले, हवालदारीणबाई, शिंका नंतर मोजा. पण ती हसली नाही. तिने सांगितलं, की बाळाच्या नोंदींच्या कडेला ती शेकोटी विझल्याच्या वेळाही लिहीत होती. का, ते तिलाही माहीत नव्हतं, डोळ्याला दिसलं ते लिहायची सवय. त्यात तिला आत्ता एक गोष्ट दिसत होती. सोमवारी शेकोटी तीनदा विझली. मंगळवारी चारदा. बुधवारी एकदाही नाही.

"बुधवारी आईंनी गाद्या बाहेर काढल्या होत्या," ती म्हणाली. "दुपारभर मागचं दार सताड उघडं होतं. बिघडलेलं यंत्र दार बघून बिघडतं का, मामा?"

मामा म्हणाले, योगायोग. पण म्हणताना त्यांनी पक्कड खाली ठेवली.

तिने माझ्या काचेवरच्या काजळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. पिवळा जाळ, काजळी, जांभया. कॉलेजात हेच तिने चार गुणांसाठी पाठ केलं होतं, की जळणाला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते. मग तिची नजर खोलीभर फिरू लागली. खिडक्यांच्या पट्ट्यांवर गेली, दारावर गेली, आणि समोरच्या भिंतीवर येऊन थांबली. बदकावर.

मी तिचा चेहरा पाहत होते. तो कागदासारखा पांढरा झाला.

ती गप्प बसू शकली असती. नंतर कोणी खोलीत नसताना कापड काढून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. घरात सगळ्यांना सावध करणारी ती, आणि पाळण्याच्या उशाशी हा बोळा तिनेच कोंबलेला. तिने बाळाला आजींकडे दिलं, भिंतीशी गेली, बदक सोलून काढलं आणि कापडाची घडी ओढली. बाहेरची गार हवा सरळ आत आली.

"हे मी बंद केलं होतं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की आजींना दोनदा विचारावं लागलं.

नवऱ्याने मुकाट्याने खिडक्या उघडायला घेतल्या. सूनबाई भिंतीशी तशीच बसून होती, हातात कापड. मी एवढी बघते, एवढं लिहिते, आणि मीच, असं काहीतरी ती पुटपुटत होती. तेव्हा आजोबा खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. ते तिच्याजवळ गेले, खाली बसता येत नाही म्हणून नुसते वाकले.

"पोरी, तुला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला माहीत होतं. फिटरने मला सांगितलं होतं, ही जाळी झाकू नका म्हणून. मी त्या दिवशी रुसलो होतो. ऐकलं, आणि कोणाला सांगितलं नाही."

आजींनी एवढ्या वर्षांच्या संसारात आजोबांच्या तोंडून चूक कबूल झालेली पहिल्यांदा ऐकली असावी, कारण त्यांनी असा आ वासला की कडेवरचं बाळसुद्धा त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलं. मामांनी घसा खाकरला आणि माझी पट्टी जागेवर परत लावायला घेतली. सूनबाईने त्यांनाही थांबवलं. आता फिटर येईपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही, पेटवायचंही नाही, म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता. दोन दिवस घर गोधड्या गुंडाळून, कानटोप्या घालून हिंडलं. मामासुद्धा.

फिटर आला तो तोच, केस पिकलेला. त्याने माझ्या पोटातली धूळ ब्रशने झाडली, काजळी पुसली, नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं, काडी तपासली. मग मला पेटवून तो बराच वेळ नुसता बघत बसला. माझा जाळ बुडाशी निळा आणि शांत होता. काडीत काही दोष नाही, तिने तिचं काम केलं, तो म्हणाला. झडपेला तार बांधणार होतो, हे त्याला मामांनीच सांगितलं, प्रामाणिकपणे. फिटरने मामांकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, पंखे दुरुस्त करत चला. मामा त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले.

पाळणा दुसऱ्या भिंतीशी गेला, जिथे वारा येत नाही. तेवढं करून भागणार होतं, पण हे आधी कोणाला सुचलंच नव्हतं. खिडक्यांच्या पट्ट्या निघाल्या. विषारी वायूची चाहूल लागली की ओरडणारी एक छोटी डबी भिंतीवर आली. दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी फिटर येतो, आणि तो येतो तेव्हा सगळं घर खोलीत हजर असतं. कोणी खिडकीकडे तोंड करून उभं राहत नाही.

आता मी जुनी झाले. ओंडक्यांवरच्या सालीचा रंग उडाला आहे, एक बटण जरा घट्ट फिरतं. पण माझं बरं चाललं आहे. गेल्या महिन्यात घरात धाकटी सून आली. सामान दारातच होतं, आजींनी चहा ठेवला होता. थोरल्या सूनबाईने तिच्या हातातली पिशवी घेतली. आजोबा काठी टेकत पुढे आले आणि नव्या मुलीला म्हणाले, "ये. चहा होईतो तुला एक दाखवतो." तिला ते थेट समोरच्या भिंतीशी घेऊन गेले, काठीने जाळी दाखवली, आणि तिला ओणवी होऊन तिथे हात धरायला लावला. गार वारा हाताला लागला तशी ती दचकून हसली. कशासाठी आहे हे, तिने विचारलं. आजोबा सांगू लागले, पहिल्यापासून, स्वतःच्या रुसण्यासकट. थोरली सूनबाई मागे उभी राहून ऐकत होती. मधे एकदाही तिला त्यांचं वाक्य दुरुस्त करावं लागलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू चालता चालता थांबली तर तिच्यावर चिडण्याआधी, तिला ठोकण्याआधी, ती का थांबली ते विचारा. गॅसच्या वस्तूला हौशी हात लावू देऊ नका, जाणता माणूस बोलवा. आणि घरात जे कोणी नवीन येईल, सून असो, पाहुणा असो, की उद्या रांगायला लागणारं बाळ असो, तुमच्या घराला जे ठाऊक आहे ते त्यालाही सांगा. चहा थोडा गार झाला तरी चालेल.